गोरिलाज इन द मिस्ट : प्रेमकथा जरा कमी, नोंदवही जरा जास्त हवी होती

आधीच सांगते, मला गोरिलांचं काही विशेष वेड नाही. हा सिनेमा बघितला तो ज्या गोरिला-अभ्यासक बाईवर तो आहे, ती डायॅन फॉसी मूळची ऑक्युपेशनल थेरपिस्ट (हातांची, रोजच्या जगण्यातली कामं करायला शिकवणारी) होती म्हणून. मीही तीच. मुलुंडला माझं लहान मुलांसाठी छोटं सेंटर आहे आणि ‘म्हणजे फिजिओ ना?’ या प्रश्नाला उत्तरं देण्यात माझी अर्धी हयात गेली आहे. (उरलेल्या अर्ध्या हयातीत सासरकडची मंडळी मला कंबरदुखीवर गोळी विचारतात.) आमच्यातल्या कुणावर हॉलिवुडने सिनेमा काढावा आणि त्याला ऑस्करची पाच नामांकनं मिळावीत, हे काही रोज घडत नाही. तेव्हा १९८८चा जुना सिनेमा असला तरी मी तो घरच्या टीव्हीवर लावला आणि नवरा, सातवीतली लेक आणि गावाहून आलेले सासरे, सगळ्यांना सक्तीने बसवलं.

सिनेमा चांगला आहे. फॉसी झालेल्या सिगर्नी वीव्हरसाठी तर बघाच. माझी तक्रार वेगळी आहे. ही बाई डोंगरावर रोज सकाळी उठून नेमकं काय काम करायची, हे बघायला मी बसले होते, आणि दोन तास नऊ मिनिटांत ते तुकड्यातुकड्यांनीच दिसतं. बाकीची जागा प्रेम, संताप आणि धुकं यांनी व्यापली आहे.

फॉसी अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात मुलांच्या हॉस्पिटलात नोकरीला होती. १९६३ साली बँकेचं कर्ज काढून ती आफ्रिका बघायला गेली. आजच्या टांझानियातल्या ओल्डुवाईला लुई लीकी या आदिमानवाचे अवशेष शोधणाऱ्या शास्त्रज्ञांचं उत्खनन चालू होतं, तिथे जाऊन धडपडली, पाय मुरगळून घेतला आणि नुकत्याच सापडलेल्या जीवाश्मावर ओकली. हे तिनेच लिहून ठेवलंय. तीन वर्षांनी लीकी व्याख्यानांच्या दौऱ्यावर लुईव्हिलला आले, तेव्हा तिने त्यांना गाठलं आणि त्यांनी माउंटन गोरिलांच्या अभ्यासासाठी तिला निवडलं. वर सांगितलं, जाण्याआधी अपेंडिक्स काढून घे, जंगलात डॉक्टर नसतो. तिने धडधाकट अपेंडिक्स काढून घेतलं. मग लीकींचं पत्र आलं की तशी काही गरज नव्हती, तुझा निर्धार किती पक्का आहे ते बघत होतो. असा साहेब आपल्याला भेटला असता तर आपण काय केलं असतं, कल्पना करा.

सिनेमा त्या व्याख्यानापासून सुरू होतो. फॉसी गर्दीतून वाट काढत लीकींच्या मागे लागते. मी दिग्दर्शक असते तर ओल्डुवाईच्या ओकारीपासूनच सुरुवात केली असती, पण मायकल ॲप्टेडना घाई आहे, त्यांना तिला लवकर डोंगरावर चढवायचंय. त्यामुळे हॉस्पिटल, ती मुलं, तिथली तिची वर्षं हे सगळं दोन-चार वाक्यांत उरकतं. पुढे काँगो, तिथून सैनिकांनी हुसकावून लावणं, मग शेजारच्या रवांडात रोझ कार या फुलांची शेती करणाऱ्या बाईंकडे आसरा, हेही भराभर जातं. २४ सप्टेंबर १९६७ रोजी करिसिंबी आणि विसोके या दोन ज्वालामुखींच्या मधल्या खिंडीत तिने तंबू ठोकले आणि दोन्ही नावं जोडून त्या जागेला करिसोके म्हटलं. उंची सुमारे ३,००० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. त्यात बाई सिगरेटी ओढणारी. बारा महिने चिखल, खाजकुइलीसारखी चावरी झुडपं आणि अंगातून न निघणारी ओल. हे सगळं जॉन सील यांच्या कॅमेऱ्याने असं पकडलंय की मुलुंडच्या जुलैत न वाळणारे कपडे डोळ्यांसमोर यावेत.

आता पहिला तास. इथे मी हातातला चहा विसरले.

सुरुवातीला फॉसी गोरिलांच्या मागे जाते आणि ते पळतात. मोठा नर अंगावर धावून येतो. पाठीवरचे केस रुपेरी झालेला तो प्रचंड नर छाती बडवत येतो आणि ती पळत नाही, कारण पळालं तर संपलं. मग ती हळूहळू शिकते. उभं राहायचं नाही. बसायचं, शक्यतो त्यांच्यापेक्षा खाली. डोळ्यांत बघायचं नाही. ते खातात तो पाला आपणही चघळायचा, अंग खाजवायचं, ते समाधानाने काढतात तसा घशातला जाड आवाज काढायचा. त्यांना वाटलं पाहिजे की या प्राण्याला आपल्याशी काही देणंघेणं नाही, तोही इथे पोट भरायला आलाय. खऱ्या फॉसीची पद्धत हीच होती आणि वीव्हर हे अगदी अंगात भिनल्यासारखं करते.

माझ्याकडे नवीन मूल येतं तेव्हा पहिला अर्धा तास बहुतेक वेळा असाच जातो. परवाचाच मुलगा घ्या. आल्या आल्या कपाटाच्या मागे. मी सतरंजीवर त्याच्याकडे कुशी करून बसले आणि एका वाटीतले राजमे दुसऱ्या वाटीत ओतत राहिले. दारात आई, तिचा जीव टांगणीला. ‘मॅडम, तुम्ही त्याच्याशी बोला ना जरा.’ बोलायचं नसतं. तो कपाटामागून ‘म्म्म’ असा आवाज काढत होता, मीही तसाच आवाज काढला. तो थांबला. मी थांबले. त्याने परत काढला. फी भरलेल्या आईला हे कसं दिसत असेल, मला पूर्ण कल्पना आहे. शेवटी एक राजमा माझ्या हातून ‘चुकून’ त्याच्या दिशेने घरंगळला आणि कपाटामागून एक हात बाहेर आला. इथे कुणी भांडायला येऊ नका, मुलांची आणि गोरिलांची मी तुलना करत नाहीये. बोलतेय ते सतरंजीवर बसलेल्या माणसाबद्दल. त्या बसण्याचं शिक्षण लागतं, आणि फॉसी ते हॉस्पिटलातून बरोबर घेऊन गेली असणार असं मला वाटतं. सिनेमा मात्र ते तिच्या जिद्दीच्या खात्यात टाकून मोकळा होतो.

हातांबद्दल थोडं लिहायलाच हवं, नाहीतर धंद्याशी बेइमानी होईल. एका दृश्यात गोरिला झाडाची हिरवी दांडी सोलून खातोय. मी ते मागे नेऊन परत बघितलं (नवरा उसासला). एका हाताने दांडी घट्ट धरलेली, दुसऱ्या हाताची बोटं आणि दात मिळून साल ओढतायत, आणि मधेच धरलेला हात दांडी जरा पुढे सरकवतो. दोन हात दोन वेगळी कामं करतायत आणि एकमेकांची वाट बघतायत. पेन्सिलला टोक काढणं, बाटलीचं झाकण फिरवणं, शर्टाचं बटण लावणं, हे सगळं यातच येतं. आमच्याकडे यासाठी महिनोन्‌महिने खपावं लागतं. तो आपला पाच बोटांनी निवांत जेवतोय. सिनेमात खरे गोरिला आणि रिक बेकरने केलेल्या पोशाखांतली माणसं अशी सरमिसळ आहे. सांधा फारसा कळत नाही. पण दांडी सोलणारे हात खऱ्याचे असावेत, पैज लावायला तयार आहे.

आणि मग तो प्रसिद्ध प्रसंग. फॉसी पाठीवर पडलेली, तळवा वर करून हात पुढे. डिजिट नावाचा गोरिला जवळ येतो आणि स्वतःची बोटं तिच्या हातावर ठेवतो. नॅशनल जिओग्राफिकचा छायाचित्रकार बॉब कॅम्पबेल लांबून हे टिपतोय. खऱ्या आयुष्यात हे १९७० साली झालं आणि तो गोरिला होता पीनट्स. सिनेमाने ते डिजिटला देऊन टाकलं, कारण पुढे आपल्याला डिजिटसाठी रडायचंय. मला ते चालतं, सिनेमात दहा गोरिलांचे चेहरे कोण लक्षात ठेवणार! तळवा वर ठेवण्यात मात्र सगळं आहे. वरून येणारा हात पकडायला येतो, उताणा हात वाट बघतो. आज हे कुणी केलं तर थेट जंगलाबाहेर काढतील, कारण आपली सर्दी त्यांना भोवू शकते. आता पर्यटकांना काही मीटर लांब उभं राहावं लागतं.

चेहरे लक्षात ठेवण्यावरून आठवलं. फॉसी प्रत्येक गोरिला त्याच्या नाकावरून ओळखायची. नाकपुड्यांच्या वरच्या सुरकुत्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारख्या. ती त्या वहीत रेखाटून ठेवायची. कोण कुणाची आई, कोण कुठल्या कळपातून कुठल्या कळपात गेली, किती पिल्लं जगली, हे सगळं त्या रेखाटनांवर उभं होतं. यावरच तिने पुढे केंब्रिजची पीएच.डी. केली. गोरिला म्हणजे राक्षस ही जगाची समजूत मोडली ती या नोंदींनी आणि कॅम्पबेलच्या छायाचित्रांनी. जानेवारी १९७०च्या नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर ती झळकली. सिनेमात मुखपृष्ठाचं कौतुक होतं, नाकांचं नाही. ती कंदिलाच्या उजेडात टाइपरायटर बडवताना दिसते, पण काय टाइप करतेय हे कुणी विचारत नाही. नाकांच्या त्या वहीवर पाच मिनिटं दिली असती तर पुढची प्रत्येक शिकार आपल्याला नावानिशी लागली असती.

त्याऐवजी काय मिळतं, तर बॉब कॅम्पबेल. ती भूमिका करणारा ब्रायन ब्राउन देखणा आहे, वाद नाही. दोघांचं जुळलं होतं हेही खरं, कॅम्पबेल १९६८ ते १९७२ तिथे येऊन-जाऊन होता. पण सिनेमा या प्रकरणाला इतका वेळ देतो की जणू तो निघून गेल्यामुळेच बाई कडवट झाली. हे मला डोक्यात गेलं. एखादा पुरुष शास्त्रज्ञ चिडका, हट्टी निघाला तर तो कामात बुडालेला. बाई चिडली की तिचं कुणीतरी सोडून गेलेलं असतं! अहो, तिच्या डोळ्यांदेखत तिने ओळखीचे केलेले जीव मारले जात होते. चिडायला तेवढं पुरे नव्हतं?

हे कसं चाललं होतं, ते आमच्याकडे सगळ्यात आधी कळलं सासऱ्यांना. नाना कणकवलीकडचे. तोपर्यंत ‘इंग्रजी शिनेमा’ म्हणून अर्धवट पेंगत होते. जंगलात वाकवलेला बांबू आणि जमिनीलगतचा फास दिसला तसे ताठ बसले.

“अगे, ही फासकी! आमच्याकडे डुकरांक लावतत तीच.”

तीच. आपल्याकडे कोकणात मोटरसायकलची क्लच वायर कुंपणाला बांधून रानडुकरासाठी लावतात आणि तिच्यात बिबट्या अडकतो. ‘फासकीत अडकलेल्या बिबट्याचा मृत्यू’ ही बातमी आपण इतक्या वेळा वाचली आहे की पान उलटतो. विरुंगाच्या, म्हणजे फॉसीच्या त्या ज्वालामुखी डोंगररांगेतल्या जंगलात फासे लावायचे हरणांसाठी, अडकायचा गोरिलाचा हात किंवा पाय. मोठा गोरिला ताकदीने फास तोडतो, पण तार मनगटातच राहते, रुतत जाते, हात सडतो. पिल्लू असेल तर सुटतच नाही. मग त्या पायवाटांवरून फॉसी आणि तिचे मागकाढे रोज फिरून फास उखडत हिंडायचे. हे कंटाळवाणं, पाठ मोडणारं काम होतं आणि गोरिला वाचले त्यात या कामाचा वाटा फार मोठा आहे. नाना तो भाग संपेपर्यंत बोलत होते, गावात कोण कोण फासकी लावतं त्यांची नावंसुद्धा सांगून झाली. ती इथे लिहीत नाही.

फास चुकून लागतात, पण डिजिटचं तसं नव्हतं. ३१ डिसेंबर १९७७ रोजी त्याला भाल्यांनी मारलं, डोकं आणि हात कापून नेले. बोट वाकडं म्हणून ज्याचं नाव डिजिट पडलं, त्याचे हातच नेले. राखदाणी म्हणून विकायला. सिनेमा हे दाखवताना नजर चुकवत नाही. त्यानंतर वीव्हरचा चेहरा जो बदलतो तो शेवटपर्यंत परत येत नाही.

इथून पुढे सिनेमा मला जास्त आवडला, कारण तो बाईला देवी करत नाही. ती शिकाऱ्यांच्या झोपड्या जाळते. एका शिकाऱ्याच्या गळ्यात दोर अडकवून फाशीचं नाटक करते आणि सोबतचे विद्यार्थी हादरून बघत राहतात. खरी फॉसी मुखवटे घालून, चेटकीण असल्याची बतावणी करून लोकांना घाबरवायची. शिकारी म्हणजे बहुतेक बट्वा, पिढ्यान्‌पिढ्या त्याच जंगलावर जगलेले लोक. आमच्या कॉलनीच्या मागे जो डोंगर सुरू होतो तो बोरिवलीच्या नॅशनल पार्कचाच, आणि त्यातले वारली पाडे पार्क जाहीर होण्याच्या आधीपासूनचे आहेत. जंगल वाचवायचं म्हणजे कुणाला तरी ‘तू आता बाहेरचा’ सांगणं, हे मुंबईकराला समजावून सांगावं लागत नाही. फॉसीला ते दिसत नव्हतं की बघायचं नव्हतं, सिनेमा ठरवत नाही. पण बट्वांना तोंडही उघडू देत नाही, ही मोठी खोट. जंगलातून भाले घेऊन प्रकट व्हायचं, एवढंच त्यांच्या वाट्याला.

सेम्बागारे हा तिचा मागकाढ्या, जॉन ओमिरा मिलुवी यांनी फार संयमाने केलाय. पण त्याला घर आहे का, पगार मिळतो का, त्याला या बाईचा कधी संताप येतो का, काही कळत नाही. तो कायम तिच्या बाजूला उभा. प्रत्यक्षात तिच्या हाताखालच्या माणसांशी तिचं नातं इतकं गुळगुळीत नव्हतं, ती माणसांना कामावरून काढायची, अपमान करायची. मुंबईत कुठल्याही संस्थेत काम केलेल्या माणसाला असा बॉस ओळखीचा असतो, काम वंदनीय आणि वागणं असह्य. त्यावर एक सणसणीत प्रसंग हवा होता.

वीव्हरबद्दल काय लिहावं. सहा फुटी बाई, फॉसीही तशीच उंच. खऱ्या गोरिलांमध्ये जाऊन बसलीय आणि ते तिच्या अंगावरून जातात तेव्हा ती अभिनय करत नाहीये हे दिसतं. गोल्डन ग्लोब मिळालं, ऑस्कर हुकलं. पुढे फॉसीच्या नावाच्या संस्थेची ती मानद अध्यक्षही झाली. जूली हॅरिसची रोझ कार थोडाच वेळ आहे, पण ती आली की खोलीत कुणीतरी शहाणं माणूस आल्यासारखं वाटतं. मॉरिस जार यांचं संगीत कानाला गोड, पण जिथे नुसता जंगलाचा आवाज पुरला असता तिथेही व्हायोलिन सुरू.

डिसेंबर १९८५मध्ये फॉसीचा तिच्याच केबिनमध्ये कोयत्यासारख्या पात्याने खून झाला. रवांडाच्या कोर्टाने एका अमेरिकन संशोधकाला त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरवलं, पण शंका अजून मिटलेल्या नाहीत. सिनेमा खुनी दाखवत नाही, ते बरंच केलं. तिला डिजिटच्या शेजारी पुरलं.

तिच्या काळात विरुंगात अडीचशेच्या आसपास गोरिला उरले होते. २०१८मध्ये विरुंगात ६०४ आणि युगांडातलं बविंडी धरून एकूण हजारावर झाले, ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून एक पायरी खाली आले. यात तिचे उखडलेले फास आहेत, जनावरांचे डॉक्टर आहेत, आणि तिला जिचा तिटकारा होता ती पर्यटनाची कमाईही आहे. रवांडात आज एका तासाच्या गोरिला-दर्शनाचं परमिट १,५०० डॉलर आहे. सव्वा लाखाच्या पुढे. “तासाक सव्वा लाख?” म्हणून नाना परत ताठ बसले. हा पेच सिनेमात येणं शक्य नव्हतं, तो १९८८ साली इतका स्पष्ट झालेला नव्हता.

दहा-बारा वर्षांच्या आतल्या मुलांसोबत बघणार असाल तर डिजिटचा मृत्यू आणि फाशीचं नाटक हे दोन भाग आधी स्वतः बघून घ्या. माझी सातवीतली लेक डिजिटनंतर उठून गेली आणि बराच वेळ आली नाही. जेवताना तर लावूच नका. ऑक्युपेशनल थेरपी शिकणाऱ्या मुलींनी पहिला तास एकाग्रतेने बघावा, शक्य तर आवाज बंद करून एकदा नुसते हात बघावेत. कॅम्पबेल आला की खुशाल चहा टाकायला उठा, काही बुडत नाही.